लग्न गावानं लावलं, पुरावा मात्र एकटीनं द्यायचा

माझ्या भाचीचं लग्न भर उन्हाळ्यात झालं. गावातल्या शाळेच्या पटांगणात मांडव होता आणि पंगती दुपारी सुरू झाल्या त्या दिवेलागणीपर्यंत चालल्या. नवरदेव अमरावतीकडच्या घरातला. शिकायला अमेरिकेत गेला, तिथंच नोकरीला लागला आणि पुढे तिथला नागरिक झाला. लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला आणि बायकोला नेण्याचा अर्ज त्यानं भरला. काही महिन्यांनी त्याच्या वकिलाकडून यादी आली. लग्न खरं असल्याचे पुरावे पाठवा: दोघांचं जोडखातं, दोघांच्या नावचा घरभाड्याचा करार, एकत्र केलेल्या प्रवासाची तिकिटं, लग्नाआधीच्या भेटींचे फोटो.

माझी आई, म्हणजे भाचीची आजी, शेजारी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "लगन लागलं तवा अख्खं गाव जेवून गेलं. आनखी कोन्ता पुरावा पाह्यजे यायले?"

तिचा हा प्रश्न मला भाबडा वाटला नाही. मी तालुक्याच्या ठिकाणी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा हे रोजचं काम. पण दरवर्षी दोन-चार घरं नवऱ्याकडे किंवा बायकोकडे परदेशी जाण्याचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. क्वचित उलटंही होतं, परदेशातून सून किंवा जावई गावात येतो. या सगळ्यांचे अर्ज भरता भरता माझं एक मत पक्कं झालं आहे. नवरा-बायकोला एकत्र राहू देण्याची ही प्रक्रिया शहरातल्या जोडप्याकडे पाहून आखलेली आहे. तिला हवे असलेले कागद गावातलं लग्न तयारच करत नाही. ही उणीव भरून काढणं त्या मुलीचं काम नाही, आपल्या शासनाचं आहे. ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत, आणि त्यापुढे दिल्लीपर्यंत.

आमच्याकडे लग्न कसं जमतं ते पाहा. मुलगा पाहायला येतो, पोहे-चहा होतो, मग मोठी माणसं बोलतात. साक्षगंध होतं. साक्षगंधाच्या फोटोत तो आणि ती मधे असतात आणि भोवती चाळीस नातेवाईक. लग्नाआधी दोघं फार तर दोनदा भेटलेले, तेही घरच्यांच्या देखत. एरवी सगळं फोनवर. शहरातल्या जोडप्याकडे सहलीचे फोटो असतात, हॉटेलची बिलं असतात, एका पत्त्यावर आलेली पत्रं असतात. आमच्या जोडप्याकडे असतात ते शेकडो साक्षीदार. आणि साक्षीदार फाइलला जोडता येत नाहीत.

भाचीच्या बाबतीत आम्ही शेवटी हेच कागदावर उतरवलं. आहेराची वही स्कॅन केली. पत्रिका, मांडववाल्याची पावती, आचाऱ्याची पावती, लग्न लावणाऱ्या महाराजांचं पत्र, सरपंचांचं पत्र, दोन्हीकडच्या थोरांची प्रतिज्ञापत्रं. नवऱ्यानं दर महिन्याला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि रोजच्या व्हिडिओ कॉलची यादी. वकिलानं ते सगळं इंग्रजीत करून घेतलं आणि ते चाललं. आहेराची वही हा एवढा भक्कम पुरावा ठरू शकतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक घराला सांगतो, ती वही जपून ठेवा.

खरी अडचण पुढेच आली, नावांची. हा विषय बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल, पण माझ्या केंद्रात सगळ्यात जास्त रडारड याच्यावरून होते.

आमच्या भागात लग्नात सून घरात आली की तिचं नाव बदलायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. ताटातल्या तांदळात नवरदेव अंगठीनं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं आणि पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. म्हणजे पूर्ण नावातला एकही शब्द जुना राहत नाही. शाळेच्या दाखल्यावर एक मुलगी, लग्नाच्या दाखल्यावर दुसरी, सासूच्या आग्रहानं बदललेल्या आधारवर तिसरी. आईचं नाव एका कागदावर 'बाई' लावून, दुसऱ्यावर न लावता. इंग्रजीत गावाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. जन्मतारखेचं तर विचारूच नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीनं १ जून लिहिलेली एक सबंध पिढी आमच्याकडे आहे. जन्म घरी झालेला, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत नोंद नाही. मग अनुपलब्धतेचा दाखला काढा, उशिराच्या नोंदीसाठी तहसीलला जा. २०२५ मध्ये बोगस दाखल्यांच्या तक्रारी आल्यानंतर राज्य सरकारनं उशिराच्या जन्मनोंदींची वाट कडक केली. अकोला, अमरावती या आमच्याच भागातल्या तक्रारी त्यात ठळक होत्या. खोट्या दाखल्यांना आळा बसायलाच हवा. पण खेड्यात घरी जन्मलेल्या खऱ्या माणसांची संख्या लहान नाही, आणि त्या कडकपणाची झळ त्यांनाही बसते.

इथं एक गोष्ट ठासून सांगतो, कारण ती माहीत नसल्यानं घरंच्या घरं वर्षभर मागे पडलेली मी पाहिली आहेत. लग्नानंतर बाईनं नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा भारतात नाही. पासपोर्टसाठी विवाहाच्या दाखल्याची सक्ती परराष्ट्र मंत्रालयानं २०१६ च्या डिसेंबरातच काढून टाकली. मुलीचा पासपोर्ट शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं काढावा, तांदळातलं नाव घरात हाक मारायला ठेवावं, आणि लग्नाच्या दाखल्यावर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न अक्षर घालावं. एवढं केलं तरी निम्मी वणवण वाचते.

हा लग्नाचा दाखला देतं कोण? महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार खेड्यात हे काम ग्रामसेवकाचं. सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करावी असं राज्यांना सांगितलं. त्याला इतकी वर्षं लोटली. तरी आमच्याकडे लग्न लागलं की नोंदणी आपोआप होते असं नाही. गरज पडली की होते, म्हणजे दोन-तीन वर्षांनी, व्हिसाच्या वेळी. मग परदेशातला अधिकारी विचारतो, लग्न त्या साली आणि दाखला या साली, हे कसं? त्याच्या जागी बसलो तर मलाही शंका येईल. एका ग्रामसेवकाकडे तीन-तीन गावं असतात, हेही मी रोज पाहतो. तो त्याच्या एकट्याचा दोष नाही.

माणसं म्हणतात, ज्या देशात जायचंय त्या देशाचे नियम पाळावेच लागतील, त्यात आपलं शासन काय करणार? खोटी लग्नंही होतातच की. होतात, मान्य आहे. अमेरिकेनं १९८६ मध्ये खोट्या लग्नांविरुद्ध कायदा केला आणि तेव्हापासून लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर पत्नीला आधी दोन वर्षांचं अटींसह ग्रीन कार्ड, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, मिळतं. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, लग्न टिकलंय हे पुन्हा दाखवायचं. तपासणी असावी, याबद्दल माझा वाद नाही. पण जमवून केलेल्या लग्नाकडे मुळातच संशयानं पाहण्याचा इतिहास जुना आहे, हेही आपण विसरू नये. १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य चाचणी केली गेली होती. त्यानंतर बरीच वर्षं ब्रिटनमध्ये नियम होता की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये शिरणं हा नाही, हे अर्जदारानं सिद्ध करावं. हेतू नाही हे कुणी कसं सिद्ध करणार? तो नियम १९९७ मध्ये रद्द झाला. म्हणजे नियम दगडावरची रेघ नसतात. लोकांनी आणि सरकारांनी भांडून ते बदलले आहेत. आपल्या नागरिकांची लग्नं कशी होतात हे दुसऱ्या देशांना समजावून सांगणं हे आपल्या परराष्ट्र खात्याचंही काम आहे.

हक्काच्या आघाडीवर मात्र दिवस बरे नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जून २०२४ मध्ये निकाल दिला की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावं असा नागरिकाला मूलभूत घटनात्मक हक्क नाही. ब्रिटननं एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला आणणाऱ्याच्या उत्पन्नाची अट १८,६०० पौंडांवरून २९,००० पौंडांवर नेली. त्याच्या महिनाभर आधी, मार्च २०२४ मध्ये, वृद्धांची शुश्रूषा करायला जाणाऱ्या नव्या कामगारांना कुटुंब सोबत नेण्याची परवानगीच काढून घेतली. जुलै २०२५ मध्ये या कामाची परदेशातून नवी भरती बंद होईपर्यंत आमच्याकडच्या नर्सिंग झालेल्या मुली या कामाला जात. त्यांच्यासाठी याचा अर्थ सरळ होता: तिथल्या म्हाताऱ्यांचं करायला ये, पण नवरा-लेकरं गावातच ठेव.

खर्चाचं एकच गणित मांडतो. ब्रिटनचं जोडीदाराचं शुल्क आणि त्यासोबत आगाऊ भरायचा आरोग्य अधिभार मिळून पाच हजार पौंडांच्या पुढे जातं, रुपयांत साडेपाच लाखांच्या वर. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल आहे. म्हणजे एका व्हिसाला जवळपास ७० क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला तर. कोरडवाहू पाच एकराच्या घरात एका वर्षाच्या वेचणीत एवढा कापूस होत नाही.

यावर माझे एक ज्येष्ठ स्नेही मला नेहमी अडवतात. म्हणतात, इथं शेतकरी गळफास घेतोय आणि तुले परदेशी नवऱ्याचा व्हिसा सुचून राह्यला? मी त्यांना एवढंच म्हणतो, ज्या मुली जातात त्या याच शेतकऱ्यांच्या आहेत. बापानं दोन एकर गहाण ठेवून शिकवलेल्या. ती मुलगी नवऱ्यापासून दोन वर्षं लांब माहेरी बसते तेव्हा गाव काय बोलतं ते तिला ऐकावं लागतं. पाणवठ्यावर, लग्नाकार्यात, "नवऱ्यानं टाकली वाटते" असं कानावर पडत राहतं. कागद रखडला हे कुणी म्हणत नाही. आणि खरोखरच टाकलेल्याही असतात. परदेशी राहणाऱ्या भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारं विधेयक २०१९ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं. विधी आयोगानं २०२४ मध्ये २८७ व्या अहवालात याच प्रश्नावर व्यापक कायद्याची शिफारस केली. अशा कायद्याची सगळ्यात जास्त गरज खेड्यातल्या मुलीला आहे. कारण नवरा तिकडे काय करतो, कुठे राहतो, आधी लग्न झालेलं आहे का, हे तपासायला तिच्या बापाकडे मध्यस्थाच्या शब्दाशिवाय काहीच नसतं.

आता दुसरी बाजू, आपल्याकडे येणाऱ्यांची. आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा जहाजावरच्या स्वयंपाकघरात कामाला होता. तिथं सोबत काम करणाऱ्या फिलिपिनो मुलीशी त्यानं तिच्या देशात जाऊन लग्न केलं. वडील गेल्यावर घरची शेती पाहायला तो परत आला, ती सोबत आली. एंट्री व्हिसावर, ज्याला एक्स व्हिसा म्हणतात. १८० दिवसांहून मोठ्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसानं १४ दिवसांत नोंदणी करायची असते. जिल्ह्यात ते काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे, आणि २०१८ पासून बरंचसं ऑनलाइन. परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकानं २४ तासांत कळवायचं असतं. हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. सून घरी आली तर पोलिसांना कळवायचं, हे कुणाच्या डोक्यात येईल?

पत्त्याच्या पुराव्यावर गाडी अडली. घर आजोबांच्या नावावर, वीजबिलही आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, अजून तेच नाव. वारसनोंद लावण्यापासून सुरुवात करावी लागली. ती पोरगी रोज माझ्या केंद्रात येऊन बसायची, मराठी दोन-चार शब्दच यायचे, पण माझ्या बायकोकडून भाजीत किती तिखट घालतात ते शिकून गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी त्यांना तीनदा परत पाठवलं, दर वेळी नवा कागद सांगून. एकाच वेळी सगळी यादी कुणी दिली असती तर दोन हेलपाटे वाचले असते. यात कुणाचा दुष्टावा होता असं मला वाटत नाही. त्या टेबलावर बसलेल्या माणसाकडे असं प्रकरण वर्षात एखाद-दुसरंच येत असावं.

पुढचा रस्ता असा आहे. लग्न नोंदलेलं असेल आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असेल तर ती ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक राहूनही भारतात कायम राहू देणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करू शकते. नागरिकत्व हवं असेल तर १९५५ च्या कायद्यानुसार भारतात सात वर्षं वास्तव्य हवं, आणि आपला मूळ देश सोडावा लागतो, कारण दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. हे सगळं मला रास्त वाटतं. देशाला तेवढी खात्री करून घेण्याचा हक्क आहे. विदर्भाला परकं माणूस आपलं करून घेणं नवं नाही. जपानमधून आलेले भदंत सुरई ससाई नागपूरचे झाले, भारताचे नागरिक झाले.

खटकतं ते वेगळंच. घटस्फोट झाला की ओसीआय कार्डावर गदा येऊ शकते, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. छळामुळे नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईसाठी तितकंच स्पष्ट संरक्षण त्या कलमाच्या शेजारी लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानं छळ सोसलेल्या पत्नीला नवऱ्याच्या सहीशिवाय स्वतः अर्ज करता येतो. ब्रिटनमध्ये घरगुती छळ झालेल्या जोडीदाराला स्वतःच्या नावावर कायम राहण्याची वाट आहे. कॅनडानं पती-पत्नीवरची दोन वर्षं एकत्र राहण्याची अट २०१७ मध्ये काढूनच टाकली, कारण त्या अटीच्या धाकानं बायका मार खात राहत होत्या. आपल्या पोरींना परदेशात जे संरक्षण मिळावं म्हणून आपण झगडतो, तेच आपल्या घरी आलेल्या परक्याच्या पोरीला द्यायला आपण का कचरावं?

शेतीचंही तसंच. ती सून पहाटे उठून कापूस वेचायला जाते, फवारणीचं पाणी आणते. पण ओसीआय कार्ड मिळालं तरी तिला स्वतःच्या नावानं एक गुंठा शेतजमीन विकत घेता येणार नाही. वारसानं मिळू शकते. शेतजमीन बाहेरच्यांच्या हाती जाऊ नये हा हेतू मला पटतो. पण नवऱ्याच्या गावात राहून, प्रत्यक्ष शेती कसणाऱ्या बाईसाठी अपवाद करणं अशक्य नाही.

अशक्य नाही असं मी का म्हणतो? २०२४ च्या जून-जुलैत लाडकी बहीण योजना आली तेव्हाचे दिवस आठवा. सुरुवातीला अधिवास प्रमाणपत्राची अट होती. तहसीलसमोर बायकांच्या रांगा लागल्या. काही दिवसांतच शासनानं अट सैल केली: रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला यांतलं काहीही चालेल. परराज्यात जन्मून महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न केलेल्या बाईला नवऱ्याचा दाखला जोडायची मुभा दिली. अंगणवाडी सेविका, सेतू केंद्रं, ग्रामसेवक सगळे कामाला लागले. मीही रात्री अकरापर्यंत अर्ज भरत होतो. बाई जन्मानं परराज्यातली असली तरी लग्नानं इथली आहे, हे तेव्हा शासनानं एका फटक्यात मान्य केलं. इच्छा असली की कागद माणसाच्या मागे येतो, हे मी माझ्या टेबलावर पाहिलंय.

म्हणून मागण्या अवास्तव नाहीत. लग्नाच्या दिवशीच, मांडवातच ग्रामसेवकानं नोंदणी करावी आणि मराठी-इंग्रजी दोन्हीत दाखला द्यावा, नावं पासपोर्टप्रमाणे. जिल्हाधिकारी कार्यालयात या कामाची पूर्ण माहिती असलेला एक माणूस आठवड्यातून एक दिवस तरी बसावा आणि पूर्ण यादी एकदाच, मराठीत, लेखी द्यावी. पोलीस अधीक्षक कार्यालयानं परदेशी सुनेकडे संशयित म्हणून नव्हे, नव्या रहिवाशाकडे पाहावं तसं पाहावं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला तर नवा अधिकारही लागत नाही: १९८७ च्या कायद्यानुसार कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यांनी तालुक्याच्या शिबिरात जमिनीच्या वादांसोबत हाही विषय घ्यावा. परदेशी जाणाऱ्या मुलीला निघण्याआधी सांगावं, की पासपोर्ट स्वतःजवळ ठेव, तिथल्या आपल्या दूतावासाचा नंबर पाठ कर, आणि मार खाऊन गप्प राहण्याची सक्ती कोणत्याच देशात नाही. आमच्याकडे हे सांगणारं कुणी नाही म्हणून घरं एजंटकडे जातात आणि साधा फॉर्म भरायला हजारो रुपये मोजतात.

भाची गेल्या वर्षी गेली. मुलाखतीसाठी विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो, वैद्यकीय तपासणी धरून तिथं पाच दिवस राहिलो. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यानं तिला विचारलं, लग्नात किती लोक होते? तिनं खरं ते सांगितलं. तो क्षणभर थांबला आणि मग त्यानं आहेराची वही दाखवायला सांगितलं. आता तिच्या दोन वर्षांच्या कार्डाची मुदत पुढे आहे, जोडखातं आणि घराचा करार यांचे कागद ती महिन्याला मला पाठवते आणि मी फाइल करून ठेवतो.

फिलिपिनो सुनेच्या लग्नाला येत्या दिवाळीत दोन वर्षं होतात. ओसीआयचा अर्ज आम्ही तेव्हा भरू. त्याआधी, १ मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की गावात लागणाऱ्या प्रत्येक लग्नाची नोंद वरात निघायच्या आत व्हावी. सरपंचांशी बोलणं झालंय. ग्रामसेवक म्हणाले, रजिस्टर घेऊन मांडवात येतो, फक्त लग्नाची तिथी आधी कळवत जा.